टीव्ही प्रक्षेपणाची यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर: काय तपासून घ्यावेत?

नवा_भागधारक:
नमस्कार मंडळी. कॅमेरे, रिप्ले सर्व्हर, स्विचर (कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवायचं ते बदलणारं यंत्र), ट्रान्समीटर, एन्कोडर (पाठवण्यासाठी चित्र दाबून लहान करणारं यंत्र) वगैरे टीव्ही प्रक्षेपणाचं साहित्य बनवणाऱ्या कंपन्यांत तीन वर्षांत मिळून सहा लाख रुपये टप्प्याटप्प्याने गुंतवायचा विचार आहे. हिशोब सरळ वाटतो. आयपीएलचे २०१८ ते २०२२ चे हक्क १६,३४७.५ कोटींना गेले, २०२३ ते २०२७ चे ४८,३९० कोटींना. खेळाच्या थेट प्रक्षेपणात एवढा पैसा येतोय तर त्यासाठी लागणारी यंत्रं बनवणाऱ्यांची विक्रीही वाढणारच. तीन गोष्टी विचारायच्या आहेत:
१. नोंदणीकृत कंपन्या कोणत्या, भारतात आणि बाहेर?
२. त्यांचे ताळेबंद वाचताना काय बघायचं?
३. बाहेरचे शेअर घेतले तर कर आणि कागदपत्रांचं काय?

कंट्रोलरूम:
आधी तुमच्या हिशोबातली चूक सांगतो, कारण या क्षेत्रात येणारे बहुतेक जण तिथेच फसतात. हक्कांचा पैसा बीसीसीआयकडे जातो, यंत्र बनवणाऱ्याकडे नाही. हक्क तिप्पट महागले, पण सामने ६० वरून ७४ झाले, म्हणजे पावपट वाढ. एका मैदानाला लागणारे कॅमेरे आणि रिप्ले सर्व्हर तिप्पट झालेले नाहीत. उलट हक्कांवर एवढी रक्कम अडकली की वाहिनी तांत्रिक खर्चाला कात्री लावते आणि जुन्या यंत्रांवरच आणखी एक हंगाम काढते.

यंत्र कोण विकत घेतं ते बघा. क्रिकेट असो वा फुटबॉल, ओबी व्हॅन, म्हणजे मैदानाबाहेर उभी राहणारी प्रक्षेपणाची गाडी, बहुतेक वेळा वाहिनीची नसते, ती भाड्याने देणाऱ्या कंपनीची असते. रिप्ले सर्व्हर, स्विचर, कॅमेरा चेन हे सगळं ती कंपनी एकदा घेते आणि सात ते दहा वर्षं वापरते. नवी खरेदी तीन कारणांनी होते: फॉरमॅट बदलला, मोठी स्पर्धा आली, किंवा उत्पादकाने जुन्या मॉडेलची दुरुस्ती बंद केली. प्रेक्षकसंख्या या यादीत नाही.

फॉरमॅटचं उदाहरण देतो. ईव्हीएस या बेल्जियमच्या कंपनीचा एक्सटी-व्हाया हा रिप्ले सर्व्हर एचडीत १२ चॅनल (चित्राचे प्रवाह) चालवतो, ४केमध्ये ६. म्हणजे तोच सामना ४केमध्ये करायचा तर तेवढ्याच कॅमेऱ्यांना दुप्पट सर्व्हर. बनवणाऱ्याची विक्री वाढते ती अशा वेळी. म्हणून हक्कांच्या लिलावाच्या बातम्यांपेक्षा भाड्याने देणाऱ्या कंपन्या किती नव्या गाड्या बांधायला घेतायत याच्या बातम्या जास्त कामाच्या. एप्रिलात लास वेगासला नॅब आणि सप्टेंबरात ॲमस्टरडॅमला आयबीसी ही दोन प्रदर्शनं असतात, तेव्हा असे सौदे जाहीर होतात.

आता कंपन्या. ज्यांचा सगळा किंवा बराचसा धंदा हाच आहे अशा नोंदणीकृत कंपन्या फार थोड्या उरल्यात:

ईव्हीएस ब्रॉडकास्ट इक्विपमेंट. बेल्जियममधलं लिएज, स्थापना १९९४, ब्रुसेल्सच्या बाजारात १९९८ पासून. संथगती रिप्लेचे सर्व्हर ही ओळख. मुंबईत त्या यंत्रावर बसणाऱ्या माणसाला सरळ ‘ईव्हीएस ऑपरेटर’च म्हणतात. ऑपरेटरचा हात ज्या कंट्रोलरवर बसलाय तो बदलायला कोणी सहजी तयार होत नाही. कंपनीची खरी तटबंदी ती.

एव्हर्ट्झ टेक्नॉलॉजीज. कॅनडातलं बर्लिंग्टन, स्थापना १९६६, टोरंटोच्या बाजारात २००६ पासून. राउटर (सिग्नल हवा तिकडे वळवणारं यंत्र), मल्टिव्ह्यूअर (एका पडद्यावर अनेक चित्रं दाखवणारं), मास्टर कंट्रोल. वाहिनीच्या इमारतीतली पाठीमागची सगळी रॅक यांची असू शकते.

इकेगामी, टोकियो. कॅमेरे. लहान कंपनी.

व्हिडेन्डम, लंडन, पूर्वीची व्हिटेक. साक्टलर आणि विंटनचे ट्रायपॉड, ऑटोक्यू, टेराडेक, मॅनफ्रॉटो. हिच्याबद्दल खाली कोणीतरी लिहीलच, घाईने घेऊ नका; शेअर अजून बाजारात आहे का तेही आधी बघा.

हार्मोनिक, नॅसडॅक. एन्कोडरसाठी प्रसिद्ध, पण धंद्याचा कल केबल ब्रॉडबँडकडे गेलाय.

सोनीचे कॅमेरे जगभर मैदानात दिसतात, पण सोनीचा शेअर घेणं म्हणजे प्लेस्टेशन, सिनेमा, संगीत आणि मोबाइलचे सेन्सर घेणं. कॅमेऱ्याचा वाटा त्यात शोधावा लागेल. ग्रास व्हॅली, रॉस व्हिडिओ, व्हिझआरटी, इमॅजिन, ब्लॅकमॅजिक, रोड अँड श्वार्झ या सगळ्या खासगी. ट्रान्समीटरची गेट्सएअरसुद्धा.

ताळेबंद:
कंट्रोलरूम यांनी मुद्दा बरोबर मांडलाय. आता आकडे.

या धंद्यात एका वर्षाची वाढ बघून काहीही ठरवू नका. सम वर्षी ऑलिंपिक, युरो किंवा विश्वचषक असतो, विषम वर्षी साधारण नसतो. ईव्हीएस आपली विक्री तीन भागांत सांगते: भाड्याने सेवा देणारे ग्राहक, वाहिन्या, आणि मोठ्या स्पर्धांसाठी दिलेली भाड्याची यंत्रं. हा तिसरा भाग बाजूला काढूनच उरलेल्याची तुलना करायची.

त्यांची विक्री, कोटी युरोत: २०१९ ला १०.३, २०२० ला ८.८, २०२१ ला १३.८, २०२२ ला १४.८, २०२३ ला १७.३, २०२४ ला १९.८. २०२० ते २०२१ ही ५६ टक्के वाढ दिसते. पण २०२० मधलं ऑलिंपिक आणि युरो दोन्ही २०२१ वर ढकलली गेली होती, आणि मे २०२० मध्ये नेदरलँड्सची ॲक्सॉन विकत घेतल्याने तिची पूर्ण वर्षाची विक्री पहिल्यांदा २०२१ मध्ये आली. दोन-दोन वर्षांची सरासरी काढा: २०२०-२१ ची ११.३, २०२२-२३ ची १६.१. वाढ खरी आहे, पण २०२१ चा आकडा पाहून जी वाटली असती तशी नाही. शेअरचा भाव आणि नफा यांचं गुणोत्तरही दोन वर्षांच्या सरासरी नफ्यावरच काढा. स्पर्धेच्या वर्षातल्या नफ्यावर काढलं तर शेअर नेहमी स्वस्त दिसतो आणि नेमका तेव्हाच लोक घेतात.

ऑर्डर बुक हा दुसरा आकडा. ईव्हीएस दर तिमाहीला सांगते की हातातल्या ऑर्डरपैकी किती रक्कम याच वर्षी विक्रीत येईल आणि किती पुढच्या वर्षांत. एव्हर्ट्झचं आर्थिक वर्ष ३० एप्रिलला संपतं. ती निकालाबरोबर शिल्लक ऑर्डरची रक्कम देते आणि तिमाही संपल्यानंतरच्या एका महिन्यात किती माल गेला तेही देते. त्यामुळे पुढच्या तिमाहीचा एक तृतीयांश भाग निकालाच्या दिवशीच कळतो. चार तिमाह्या ऑर्डर बुक घटत असेल आणि विक्री मात्र टिकून असेल, तर कंपनी साठवणीतलं खातेय असं समजा.

माल साठा बघताना एक चूक होते. साठ्याचे दिवस काढायचं नेहमीचं सूत्र म्हणजे साठा भागिले विकलेल्या मालाची किंमत, गुणिले ३६५. समजा विक्री १००, मालाची किंमत ३०, साठा २०. उत्तर येतं २४३ दिवस, आणि वाचणारा घाबरतो. पण ज्या कंपनीचं ढोबळ नफ्याचं प्रमाण ७० टक्के आहे तिथे भाजक लहान असल्यामुळे आकडा फुगतोच. शिवाय विकलेल्या यंत्रांचे सुटे भाग वर्षानुवर्षं ठेवावे लागतात, आणि २०२१-२२ च्या चिपटंचाईत सगळ्यांनीच या यंत्रांत लागणाऱ्या एफपीजीए चिपा भरून ठेवल्या. त्यामुळे साठ्याची तुलना विक्रीशी करा आणि त्याच कंपनीच्या मागच्या पाच वर्षांशी करा. टोचणी लागायला हवी ती तयार मालाचा साठा वाढला तर. कच्च्या मालाचा वाढला तर तितकी नाही. टिपांमध्ये हे वेगळं दिलेलं असतं.

तिसरं, विक्री केव्हा धरली. यासाठी ॲव्हिड या व्हिडिओ संपादनाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं प्रकरण वाचाच. सॉफ्टवेअर विकल्यावर कंपनी ग्राहकांना सुधारणा फुकट देत राहिली. लेखापरीक्षणात ठरलं की ही न सांगितलेली सेवाच आहे, म्हणून विक्रीची रक्कम पहिल्या दिवशी न धरता काही वर्षांवर विभागायला हवी होती. मागच्या वर्षांचे हिशोब नव्याने मांडावे लागले, ते वेळेत झाले नाहीत, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये नॅसडॅकने शेअर काढून टाकला. डिसेंबर २०१४ मध्ये तो परत आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये एसटीजी या गुंतवणूक संस्थेने २७.०५ डॉलरने कंपनी घेऊन ती खासगी केली. कंपनीत रोकड येत होती, तरी हिशोबाच्या पद्धतीमुळे भागधारक दहा महिने मुख्य बाजाराबाहेर राहिला.

आता सगळेच वर्गणीकडे चाललेत, त्यामुळे हा मुद्दा पुन्हा येतो. १०० ला एकदाच विकलं जाणारं सॉफ्टवेअर वर्षाला २५ प्रमाणे पाच वर्षं विकलं, तर एकूण १२५ मिळतात, पण पहिल्या वर्षी विक्री १०० वरून २५ वर येते. बदलाच्या काळात विक्री घसरलेली दिसणं त्यामुळे वाईटच असेल असं नाही. ताळेबंदात आगाऊ मिळालेल्या पण अजून विक्रीत न धरलेल्या रकमेची ओळ वाढतेय का बघा. ती वाढत नसेल तर घसरण खरी आहे.

नवा_भागधारक:
फार उपयोगी. पण मला शक्यतो भारतातलं काही हवं होतं. बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) दूरदर्शनला ट्रान्समीटर देत होती असं वाचलं. आणि दूरसंचाराची यंत्रं बनवणाऱ्या तेजस नेटवर्क्सने सांख्य लॅब्ज घेतल्यामुळे मोबाइलवर थेट टीव्हीचा धंदा तिच्याकडे आला ना?

उपकेंद्र:
बीईएलने दूरदर्शनला ट्रान्समीटर दिले हे बरोबर, पण तो इतिहास झाला. आज तिच्या उलाढालीचा सिंहाचा वाटा संरक्षणाचा आहे. रडार आणि क्षेपणास्त्र यंत्रणांसाठी ती घ्यायची असेल तर जरूर घ्या, टीव्हीसाठी नको.

भारतात जमिनीवरच्या ट्रान्समीटरला ग्राहक एकच: प्रसार भारती. खासगी वाहिन्यांना ती परवानगीच नाही, त्या उपग्रह आणि केबलवरून जातात. त्यातही मार्च २०२२ पर्यंत दूरदर्शनने सीमाभागासारख्या ठिकाणचे ५० च्या आसपास सोडून बाकीचे ॲनालॉग ट्रान्समीटर बंद केले. जानेवारी २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने प्रसारण पायाभूत सुविधांसाठी २,५३९.६१ कोटींची ‘बाइंड’ योजना २०२५-२६ पर्यंत मंजूर केली. रक्कम मोठी वाटते, पण ती आकाशवाणी आणि दूरदर्शन दोघांची, त्यात एफएमचा विस्तार आणि स्टुडिओही आले, आणि ती निविदांमधून अनेक पुरवठादारांत वाटली जाते. एका नोंदणीकृत कंपनीचा शेअर त्यावर उभा राहत नाही.

तेजसचं नीट समजून घ्या. २०२२ मध्ये तिने सांख्य लॅब्जचा ६४.४ टक्के हिस्सा २८३.९४ कोटींना घेण्याचं जाहीर केलं. सांख्यची चिप डायरेक्ट-टू-मोबाइलसाठी, म्हणजे इंटरनेटशिवाय थेट मोबाइलवर टीव्ही पोचवण्यासाठी, आहे हे खरं. जानेवारी २०२४ मध्ये माहिती व प्रसारण खात्याने १९ शहरांत चाचण्यांचं सूतोवाचही केलं आणि ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी राखायची भाषा झाली. पण हँडसेटमध्ये वेगळी चिप आणि अँटेना लागते, किंमत वाढते, म्हणून मोठ्या मोबाइल कंपन्यांनी विरोध केला. हँडसेट नाही म्हणून प्रक्षेपण नाही, प्रक्षेपण नाही म्हणून हँडसेट नाही, अशी ती गाठ आहे.

आणि तेजसचा शेअर हलतो तो यावर नाही. तो हलतो बीएसएनएलच्या ४जी वर. ऑगस्ट २०२३ मध्ये टीसीएसकडून ७,४९२ कोटींची ऑर्डर मिळाली, विक्री २०२३-२४ मधल्या २,४७१ कोटींवरून २०२४-२५ मध्ये ८,९२३ कोटींवर गेली. ऑर्डर पुरी होत आली आणि एप्रिल-जून २०२५ ची विक्री २०२ कोटींवर आली. आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीत ती १,५६३ कोटी होती. एकाच ग्राहकावर उभ्या असलेल्या यंत्रउद्योगात काय होतं हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

असाच प्रकार अमेरिकेत ट्रान्समीटरवाल्यांचा झाला. टीव्हीच्या वारंवारतांचा काही भाग लिलावात गेल्यावर ९८७ टीव्ही केंद्रांना वारंवारता बदलायची होती, ३९ महिन्यांत, दहा टप्प्यांत. सरकारने त्यासाठी २७५ कोटी डॉलरची तरतूद केली. अँटेना आणि ट्रान्समीटर बनवणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. जुलै २०२० मध्ये काम संपलं. चांगला ट्रान्समीटर १५ ते २० वर्षं चालतो, मग त्या केंद्रांची पुढची खरेदी कधी, ते मोजा.

सेट-टॉप बॉक्स बनवल्यामुळे डिक्सन टेक्नॉलॉजीजचं नाव कोणी सुचवेल. आता तिथे मोबाइल फोनच मुख्य आहेत.

कंट्रोलरूम:
एक धोका राहिला, तो तांत्रिक आहे पण पैशाशी थेट जोडलेला आहे. स्टुडिओ एसडीआय या व्हिडिओच्या खास केबलवरून आयपीवर, म्हणजे संगणकांच्या नेहमीच्या जाळ्यावर, चाललेत, एसएमपीटीई २११० या मानकाने. पूर्वी कंट्रोलरूमचं हृदय म्हणजे एसडीआय राउटर, आणि तो या खास कंपन्याच बनवायच्या, भरपूर नफ्याने. आयपीत त्या जागी अरिस्टा किंवा सिस्कोचा साधा डेटा सेंटरचा स्विच बसतो.

मापं बघा. दहा बिट ४:२:२ मध्ये (स्टुडिओतली रंगाची पद्धत, दर बिंदूला २० बिट) १०८०पी५० चं, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांचं एचडी दृश्य २.०७ गिगाबिट प्रतिसेकंद घेतं: १९२० गुणिले १०८० गुणिले ५० गुणिले २०. ४के त्याच्या चौपट, ८.२९. म्हणजे २५ गिगाबिटच्या पोर्टवर ४केचे दोनच प्रवाह बसतात. तिसरा घातला तर २४.९ होतात आणि पॅकेटचा वरखर्च धरला की पोर्ट भरून वाहतो, चित्र तुटतं. वर सुरक्षेसाठी प्रत्येक प्रवाह दोन वेगळ्या जाळ्यांतून पाठवायचा, म्हणजे स्विचही दुप्पट. हा सगळा खर्च माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांकडे जातो. प्रक्षेपण कंपनीकडे उरतं ते नियंत्रणाचं सॉफ्टवेअर, गेटवे आणि वेळ जुळवणारी यंत्रणा. म्हणून वार्षिक अहवालात सॉफ्टवेअर आणि सेवेचा वाटा शोधा. एव्हर्ट्झ तो वेगळा देते.

आणि बाहेरच्या मोठ्या उद्योगसमूहांनी हे क्षेत्र ‘स्वस्त’ म्हणून घेतलं तेव्हा काय झालं तेही बघा. अमेरिकेच्या हॅरिसने २००५ मध्ये प्रक्षेपणयंत्रं बनवणाऱ्या एकट्या लाइचसाठी सुमारे ४५ कोटी डॉलर मोजले. २०१३ मध्ये लाइचसकट अख्खा प्रक्षेपण विभाग विकला तो २२.५ कोटींना. केबल बनवणाऱ्या बेल्डेनने २०१२ मध्ये मिरांडा आणि २०१४ मध्ये २२ कोटी डॉलरना ग्रास व्हॅली घेतली, २०२० मध्ये दोन्ही एकत्र करून बाहेर काढली. केबल विकणाऱ्याला दर तिमाही सारखी विक्री हवी असते आणि इथे ती कधीच सारखी नसते.

परदेशी_खातं:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. वर्षभरातलं तुमचं एकूण प्रेषण १० लाख रुपयांच्या आत असेल तर स्रोतावर कर गोळा होत नाही. त्यावरच्या रकमेवर २० टक्के होतो, तो विवरणपत्रात परत मिळतो पण तोवर पैसा अडकतो. त्यामुळे सहा लाखांत प्रश्न नाही. मात्र त्याच वर्षात परदेशी सहल वगैरे केली असेल तर तेही मोजा. पाठवलेली रक्कम १८० दिवसांत गुंतवली नाही तर परत आणावी लागते, आणि मार्जिनवर व्यवहार चालत नाहीत.

दलाल निवडताना घोळ होतो. भारतातली बहुतेक ॲप फक्त अमेरिकी बाजार देतात. ब्रुसेल्स आणि टोरंटोसाठी आंतरराष्ट्रीय दलालाकडे खातं लागतं. हे शेअर अमेरिकेत ओटीसीवरही (मुख्य बाजाराबाहेरच्या व्यवहारांत) दिसतात, पण तिथे उलाढाल इतकी कमी की खरेदी-विक्रीच्या भावातच काही टक्के जातात. मूळ बाजारातच घ्या आणि कायम ठरावीक भावाची ऑर्डर लावा, बाजारभावाची नको. एव्हर्ट्झमध्ये बहुसंख्य मालकी प्रवर्तकांकडे असल्याने टोरंटोतही शेअर पातळच आहे.

लाभांशावरचा कर देशागणिक वेगळा. बेल्जियममध्ये ३० टक्के कापतात, पण भारताशी करार १५ टक्क्यांचा आहे. १०० युरो लाभांशावर हातात ७० येतात. भारतात वजावट १५ चीच मिळते, उरलेले १५ बेल्जियमच्या कर खात्याकडे भारतीय रहिवासाचा दाखला जोडून मागावे लागतात. रक्कम लहान असेल तर ते कागद परवडत नाहीत, म्हणून परताव्याचा हिशोब ७० धरूनच करा. कॅनडात २५ कापतात आणि आपल्यासारख्या किरकोळ भागधारकाला करारातही २५च. सगळ्याची वजावट भारतात मागता येते, मात्र तुमच्या त्या उत्पन्नावरच्या भारतीय करापुरतीच. तुमचा कराचा टप्पा कमी असेल तर फरक बुडतो. वजावटीचा वेगळा फॉर्म भरायला विसरू नका, नुसत्या विवरणपत्राने ती मिळत नाही.

विकताना: २४ महिन्यांहून जास्त ठेवले तर १२.५ टक्के, कमी ठेवले तर तुमच्या टप्प्याने. भारतीय शेअरवर मिळणारी सव्वा लाखाची सूट इथे नाही.

आणि विवरणपत्रातली परदेशी मालमत्तेची अनुसूची. एकच शेअर असला, उत्पन्न शून्य असलं, तरी भरायची. ती आर्थिक वर्षाची नसून जानेवारी ते डिसेंबरची असते, आणि वर्षातली सर्वोच्च किंमत लागते. दलालाकडचं खातं आणि शेअर दोन्ही दाखवायचे. साधं पहिल्या क्रमांकाचं विवरणपत्र (आयटीआर-१) चालत नाही. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून एकूण २० लाखांच्या आतल्या चल मालमत्तेला त्यातून सूट मिळाली, पण भरण्याचं बंधन तसंच आहे.

नवा_भागधारक:
सर्वांचे मनापासून आभार. शेवटचं एक: व्हिडेन्डम बरीच पडलेली दिसते, ब्रँड उत्तम आहेत. घ्यावी का?

ताळेबंद:
ब्रँड उत्तम आहेत याबद्दल वाद नाही. साक्टलरचा ट्रायपॉड जगातल्या कुठल्याही बातमीच्या ठिकाणी उभा दिसेल. पण पडण्याचं कारण ट्रायपॉड नाही, कर्ज आहे. २ मे २०२३ ला हॉलिवूडच्या लेखकांचा संप सुरू झाला, जुलैत कलाकारांचा, तो ९ नोव्हेंबरपर्यंत चालला. चित्रीकरण थांबलं, विक्री कोसळली, आणि कर्जाच्या अटी मोडायची वेळ आल्यावर वर्षअखेरीस नवे शेअर काढून साडेबारा कोटी पौंडांच्या आसपास भांडवल उभारावं लागलं. ज्यांनी पैसे घातले नाहीत त्यांचा हिस्सा पातळ झाला. २०२० मध्ये ईव्हीएसची विक्री घटली तेव्हा तिच्यावर असं ओझं नव्हतं, म्हणून ती त्याच वर्षी ॲक्सॉन घेऊ शकली.

घ्यायचीच असेल तर वार्षिक अहवालात ‘चालू व्यवसाय’ हे गृहीतक कोणत्या अटींवर धरलंय तो परिच्छेद आधी काढा, मग निव्वळ कर्ज भागिले घसारापूर्व नफा किती आणि बँकेने घातलेली मर्यादा किती, हे दोन आकडे शेजारी लिहा. नफ्याचा आकडा ‘समायोजित’ असेल तर त्यातून वगळलेला पुनर्रचनेचा खर्च परत मिळवून धरा. तो दरवर्षी येत असेल तर तो नेहमीचाच खर्च आहे. एवढं केल्यावर मर्यादेपासून निम्मं तरी अंतर उरत नसेल, तर पुढचे निकाल येईपर्यंत थांबा.